पाण्याला फेरी मारा

नांदेडकराला विष्णुपुरी वर्षातून दोनदा आठवते. पावसाळ्यात दरवाजे उघडले म्हणून, आणि उन्हाळ्यात नळ कोरडा पडला म्हणून.

मधल्या महिन्यांत तिथे पाणी असतं. शहर नसतं.

१८ दरवाजांचा बंधारा. त्याच्यामागे गोदावरीचं लांबवर अडलेलं पाणी, त्याला नाव शंकर सागर. उपयुक्त साठा साधारण ८० दशलक्ष घनमीटर. नांदेडची तहान यावर भागते आणि हेच पाणी उपसून लोहा-कंधारकडच्या चढावरच्या शिवारात नेलं जातं. एवढं पाणी दाराशी आहे. त्याच्या काठाने तासभर सलग चालायचं असेल तर वाट कुठून धरायची, हे शहरात कोणालाही विचारून बघा.

काळेश्वराच्या मंदिराचा पत्ता मिळेल. तिथून पुढची वाट कोणी सांगणार नाही.

महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी काळेश्वराला पाय ठेवायला जागा नसते. दर्शन होतं, नारळ फुटतो, पाण्याकडे पाठ करून फोटो निघतो आणि गाड्या शहराकडे वळतात. पाण्याकडे तोंड करून घटकाभर कोण थांबतं?

‘आपल्याकडे बघण्यासारखं आहेच काय?’ हा आपल्या भागाचा ठरलेला प्रश्न. विचारणारा बहुतेक वेळा काठापर्यंत गेलेलाच नसतो.

थंडीच्या दिवसांत सकाळी जावं. पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले असतात. खंड्या एका जागी टक लावून असतो. शराटी चिखलात चोच खुपसत फिरते, आणि आपण दोन पावलं पुढे टाकली की टिटवी सगळ्या शिवाराला खबर देते. भोई मंडळींची जाळी पाण्यातून निघत असतात. पाणी जसजसं उतरतं तसतशी गाळपेराची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हिरवी रेघ सरकत पाण्याच्या मागे मागे जाते. हे सगळं शहराच्या हद्दीला लागून आहे. यासाठी रात्रभर बसमध्ये बसावं लागत नाही.

तरी आपली पोरं रात्रभर बसमध्ये बसतात. ट्रेक म्हटलं की सह्याद्री, असं त्यांच्या डोक्यात पक्कं झालंय. सह्याद्री बघावाच. पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाठ असलेल्या मुलाला आपण पितो ते पाणी कुठे अडवलंय हे ठाऊक नसावं, हे काही बरोबर नाही.

आणि विष्णुपुरीला पोरांची वाण नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथे, १९९४च्या मुक्तिदिनी स्थापन झालेलं. श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था इथे, १९८१ पासून. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालयही इथेच. विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे, जीवशास्त्राचं आहे. अभियांत्रिकीत स्थापत्य शाखा आहे. खडक ओळखणारे, पाखरं मोजणारे, वाट आखणारे, सगळे एकाच गावाच्या शिवारात राहतात.

वाट मात्र कोणी आखलेली नाही.

रुग्णालयातला डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो, रोज पाऊण तास चाला. कुठे चालायचं? लातूर रोडवर, ट्रकच्या धुरात? पाणी समोर, मोकळी हवा समोर, आणि पेशंट हायवेच्या पांढऱ्या पट्टीवरून जीव मुठीत धरून चालतो. औषध लिहून दिलं आणि दुकान बंद, असा हा प्रकार आहे.

चालणं आपल्याला परकं आहे, असंही नाही. याच जिल्ह्यात राखी पौर्णिमेला माहूरगडाची परिक्रमा होते. पावसात, चिखलात, जंगलातून हजारो माणसं गडाला फेरी घालतात. याच गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरला, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून माणसं महिनोन् महिने चालतात. गोलाकार वाट कशी चालायची, निघाल्या ठिकाणी परत कसं यायचं, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायची गरज नाही.

मग उगमाशी जी नदी फेरीच्या मानाची, ती विष्णुपुरीला आल्यावर फक्त नळातून भेटायची का?

कोणी लगेच म्हणेल, शंकर सागर काही गोल तळं नाही. बरोबर. बंधाऱ्यामागे फुगलेली ती नदी आहे, लांबच लांब. पूर्ण फेरी घालायची तर मुक्काम करावे लागतील. पण फेरीला अख्खं पाणी वेढायलाच हवं, हा नियम कोणी केला? पाण्याच्या कडेने जायचं, शिवारातून परतायचं. काळेश्वरापासून काठ धरून वरच्या अंगाला जायचं, जिथे पाय थकतील तिथे माळावर चढायचं आणि वस्त्यांमधून खाली यायचं. एक फेरी तासाभराची, म्हाताऱ्यांसाठी आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवाल्यांसाठी. एक अर्ध्या दिवसाची, पोरांसाठी. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही, एवढीच अट.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला लेक डिस्ट्रिक्ट जगभर नावाजलेला. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१७ पासून जागतिक वारसा. तिथल्या डर्वेंटवॉटर तळ्याची फेरी साधारण १६ किलोमीटरची. वाटेत ठिकठिकाणी लाकडी धक्के आहेत. दमलात तर धक्क्यावर थांबायचं, येणाऱ्या लाँचमध्ये बसायचं आणि परतायचं. पोस्टकार्डावरचे डोंगर आपण बघतो. तिथल्या वाटा बघाव्यात.

त्या वाटा मेंढ्यांच्या कुरणांतून जातात. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. फाटक असं बसवलेलं की माणूस आत जातो आणि मेंढी बाहेर येत नाही. १९४९च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना पायवाटा नकाशावर नोंदायला लावलं. एकदा नोंद झाली की मालकाला मनाला येईल तेव्हा वाट बुजवता येत नाही. त्यांची तळी सुंदर आहेत, मान्य. पण माणूस तळ्यापर्यंत पोचतो तो नकाशावरच्या ठिपक्यांमुळे.

ठिपके आपल्याकडेही आहेत!

आपल्या गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली तर तो अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, तहसीलदाराला देतो. २०२१ मध्ये शासनाने शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने स्वतंत्र योजनाही काढली. कायदा आहे, नकाशा आहे, योजना आहे. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून काठच्या गावांचे नकाशे मागवणारा माणूस तेवढा हवा आहे.

ज्या वाटा पाण्याखाली गेल्या असतील, त्यांच्याऐवजी काठावर नव्या रेषा मारा. लोकांची वाट लोकांच्या पाण्याखाली गेली, तर बदली वाट मागण्याचा हक्क लोकांचाच.

आता धोक्याची सूचना. ‘तळ्याभोवती वाट’ हे शब्द कानावर पडताच काहींच्या डोळ्यांपुढे निविदा उभी राहते. पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रंग बदलणारे दिवे, स्वागत कमान, सेल्फी पॉइंट. याला सुशोभीकरण म्हणतात. मुळात जे सुंदर आहे, त्याची शोभा सिमेंट कशी वाढवणार?

पवईचं उदाहरण ताजं आहे. मुंबई महापालिकेने पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मे २०२२ मध्ये न्यायालयाने तो मार्ग बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितली. पाणथळ जागेत भराव घालून वाट करता येत नाही, एवढी साधी गोष्ट शिकायला देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला न्यायालयाची पायरी चढावी लागली. विष्णुपुरीने ही शिकवणी पुन्हा भरायचं कारण नाही.

इथली वाट मातीचीच हवी. फार तर मुरूम. पूररेषेचा मान राखून आखलेली. गोदावरी पुराला आली की काठावरचं काय काय घेऊन जाते, हे नांदेडला सांगायला नको. मातीची वाट पुराने पुसली तरी माणसांच्या पायांनी महिन्याभरात परत उमटते. पेव्हर ब्लॉक वाहून गेले की उमटतं ते नवं बिल.

एवढा आग्रह कशाला, असं वाटत असेल तर मुद्द्यावर येऊ. हवा, व्यायाम, पाखरं, हे सगळं ठीक. पण पाण्याला फेरी घालणारा माणूस पाणी बघतो. आणि ज्या पाण्याकडे कोणी बघत नाही, ते दुसऱ्या कोणाचं तरी होतं.

वाळूचं घ्या. गोदावरीच्या पात्रात तराफे उतरतात, सक्शन पंप लागतात, रात्रीतून हायवा भरून निघतात. महसूल पथक येतं, तराफे फोडतं, जाळतं, पंचनामा करतं. बातमी येते. काही दिवसांत नवे तराफे पाण्यात. पथक रोज काठावर राहू शकत नाही. राहू शकतं कोण? रोज चालणारा. वाळू रात्री निघते, पण टायरच्या चाकोऱ्या सकाळी दिसतात. त्या बघायला डोळे हवेत, आणि काठावर आणणारी वाट हवी.

वाट नाही म्हणून डोळे नाहीत. डोळे नाहीत म्हणून हायवा आहेत.

मोटारींचं घ्या. उन्हाळा लागला की साठा पिण्यासाठी राखीव होतो, काठावरचे पंप काढायला पथकं निघतात, वीज तोडली जाते. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं पीक वाळत असतं, त्याला गुन्हेगार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण काठावर एकूण पंप किती, परवान्याचे किती, बिनपरवान्याचे किती, दोन एकरवाल्याचा कोणता आणि शंभर एकरवाल्याचा कोणता, हे जानेवारीतच लोकांना दिसलं असतं तर एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्त कशाला लागला असता? छोट्या माणसाचा पंप पथकाला लवकर सापडतो. मोठ्याची पाइपलाइन जमिनीखालून जाते.

खाली शहरात काय होतं, ते पाहा. गोवर्धन घाट, नगीना घाट, बंदाघाट. तिथे माणसं रोज जातात. स्नानाला, दिवे सोडायला, दशक्रियेला, नुसतं बसायला. म्हणून तिथे नाल्याचं पाणी उतरलं, जलपर्णी माजली, मासे मेले की ओरड होते, बातमी होते, निवेदनं जातात. प्रश्न सुटतो असं नाही. पण लपत तरी नाही. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथलं पाणी आपण थेट पितो, तिथे ओरडायला माणूसच नाही.

लातूर विसरलात? २०१६चा मार्च. मांजरा धरणाचा तळ दिसत होता. पाणवठ्यांवर कलम १४४ लावावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर गर्दी झाली. त्या गर्दीतल्या किती जणांनी आदल्या वर्षी धनेगावला जाऊन धरण उतरताना पाहिलं होतं? पाऊस नव्हता, हे खरं.

ऊस होता, हेही खरं.

धरण एका रात्रीत आटत नाही. महिन्यामागून महिना पाणी मागे सरतं, ओल्या काठाची रेषा खाली जाते, पायाखाली भेगा पडत जातात. ऑक्टोबरमध्ये चालणाऱ्याला जे दिसतं ते कार्यालयाच्या तक्त्यात टक्केवारी म्हणून पडून असतं. ‘साठा ३५ टक्के’ वाचून कोणाच्या पोटात गोळा येत नाही. गेल्या महिन्यात जिथे पाय भिजले तिथे आज धूळ उडाली की येतो.

हरकतींची यादी तयार असेलच. प्रकल्प प्रतिबंधित क्षेत्र आहे. असावं. बंधारा, पंपगृह, त्यांच्या भोवतीची जागा बंदच ठेवा, तिथे फिरायला कोणी मागत नाही. पण बंधाऱ्यापाशी लागलेला फलक मैलोन् मैल काठाला लागू होत नाही. आणि फलकामुळे तराफे थांबले असते तर गोष्ट वेगळी.

कोणी बुडालं तर? दरवर्षी कोणाच्या तरी घरचा मुलगा गोदावरीत जातो, हे खरं आहे आणि भयंकर आहे. वाट नसताना जातो. खोल डोह कुठला, गाळ कुठे फसवा, वाळू उपसून खड्डे कुठे झालेत, हे सांगणारी एक पाटी नसताना जातो. वाट पाण्यापासून अंतर राखून न्या, धोक्याच्या जागी पाट्या लावा, पोहणाऱ्या भोई पोरांना रोजगार देऊन राखणीला ठेवा. त्यांच्याइतकं हे पाणी कोण ओळखतं?

मुलींनी एकटीने जावं का? आज जाऊ नये, कारण काठ ओसाड आहे. वसतिगृहांत हजारोंनी मुली राहतात आणि संध्याकाळी फाटकाच्या आत फेऱ्या मारतात. काठावर दर फर्लांगाला माणूस दिसायला लागला, बचत गटाच्या बायकांनी चहा-पिठलं-भाकरीची टपरी टाकली, की त्या फाटकाबाहेर येतील. माणसं आली की भीती मागे सरते. उलट क्रमाने ते कधीच होत नाही.

शेतकरी वाट देईल का? त्याला विचारा. धुऱ्याने जाऊ, पिकात पाय टाकणार नाही, गेट उघडलं तर लावून घेऊ, एवढा शब्द द्या आणि पाळा. त्याचं टरबूज त्याच्या भावाने विकत घ्या. शहरी माणसाची एक खोड मात्र आधीच सांगून ठेवावी लागेल: हरभरा दिसला की ढाळे उपटायचे. ती कोणाची तरी रब्बी आहे. ढाळे उपटाल तर वाट बंद होईल, आणि ती बंद करणारा शेतकरी बरोबर असेल.

ज्यांना विष्णुपुरीपर्यंत दम नाही त्यांनी कंधारपासून सुरुवात करावी. तिथे राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे, हजार वर्षांहून जुना. किल्ला बघायला जातात आणि तळ्याकडे वळून न बघता परततात. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पाणी अडवलं त्यांनी त्याला सागर म्हटलं, राजाचं बिरुद दिलं. आपण त्याला पार्श्वभूमी म्हणून फोटोत घेतो.

आणि पाण्याच्या नावाने फिरायचंच तर लोणारही फार लांब नाही. उल्केच्या आघाताने झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, २०२० पासून रामसर यादीत. वरच्या काठावरून एकदा वाकून बघून ‘झालं लोणार’ म्हणणारे खूप. खाली उतरून मंदिरं बघत, वनखात्याचे नियम पाळत, पाण्याच्या अंगाने चालणारे थोडे. लोणार त्या थोड्यांनाच भेटतं.

इथल्या काळ्या मातीचं वेळापत्रक मात्र पक्कं आहे. पावसाळ्यात ती पाय सोडत नाही, बुटाला किलोभर चिखल चढतो. उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजले की ऊन डोक्यात जातं. चालायचं ते दिवाळी ते होळी. पावसाळा सरला की तळं भरलेलं असतं, रब्बी उगवलेली असते, पाहुणी पाखरं उतरायला लागतात. निविदा लागत नाही, उद्घाटन लागत नाही, पालकमंत्र्यांची तारीखही लागत नाही.

विद्यापीठाच्या संकुलांनी एक रविवार द्यावा. अभियांत्रिकीच्या पोरांनी मोबाइलवरच्या नकाशात वाट नोंदवावी आणि झाडांना इजा न करता दगडांवर चुन्याची खूण करावी. काठच्या ग्रामपंचायतींनी ठराव घ्यावा की ही वाट वहिवाटीची. गुरुद्वाऱ्यात देशभरातून, परदेशातून भाविक येतात. त्यांनाही सांगावं की गोदावरी घाटावर संपत नाही, वर अजून बरीच आहे.

जाताना पाण्याची बाटली घ्या आणि एक वही घ्या. पाणी कुठल्या दगडापर्यंत आहे, लिहा. पंप किती दिसले, लिहा. टायरच्या चाकोऱ्या कुठून पाण्यात उतरल्यात, लिहा. नाला कुठे मिळतो, मेलेला मासा कुठे दिसला, कुंपण कुठे पाण्यात घुसलंय, सगळं तारखेनिशी लिहा. सोमवारी त्याच्या दोन प्रती काढा. एक जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का घ्या.

शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.